पोरीचा रंग उजळला

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर एका परदेशी पोराचं पोस्टर होतं. निळे डोळे, सोनेरी जावळ, गाल असे की बघणाऱ्याला भूक लागावी. मला दिवस गेल्याचं घरात कळलं त्याच आठवड्यात माझी नणंद रुपालीताई कल्याणहून ते घेऊन आली आणि माझ्या उशीच्या बरोबर समोर चिकटवून गेली. सकाळी डोळे उघडले की पहिलं तोंड याचं बघायचं, म्हणजे पोर तसं होतं.

मी विचारलं, "मग हितेशचं तोंड कधी बघायचं?"

ती म्हणाली, "नऊ महिने बघू नको तेच बरं."

हितेश म्हणजे माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ. रंगाने तव्यासारखा. मी त्याच्याहून किंचित उजळ, पण डोंबिवलीत मला कोणी कधी गोरी म्हटल्याचं आठवत नाही. सासरे गोपीनाथशेठ कोळशाच्या जवळपासचे. आणि सासू गोदा इतकी काळी की लग्नाच्या फोटोत नुसता शालू बसलेला दिसतो, असं सासरे आल्यागेल्याला हसून सांगतात, तिच्या हातचा चहा पिता पिता. आता या घरात निळ्या डोळ्यांचं पोर कुठून येणार होतं? आलं असतं तर आधी माझीच चौकशी लावली असती यांनी.

कोलशेतला यांचा तीन मजली बंगला आहे. यांच्या आज्या-पणज्यांनी शेतात आणि मिठागरात पाठी जाळल्या. त्या जमिनींवर टॉवर आले, टॉवरच्या पैशांतून बंगला आला, आणि बंगल्यात आल्यावर यांना कळलं की काळा रंग वाईट दिसतो. जळलेल्या पाठींवर घर उभं, पण पाठीचा रंग नको.

सगळे महिने मला केशराचं दूध पाजलं. चहा बंद, कारण चहाने पोर काळं होतं. जांभळं बंद. काळी द्राक्षं बंद. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्याही डब्यातून गायब व्हायला लागल्या. मी सासूला विचारलं तर ती म्हणाली, "लोखंड कोनच्या रंगाचा असतं, सांग मना? तेच पोटात घातलंस तं पोर कोनच्या रंगाची होल?" या तर्कशास्त्रापुढे मी हात टेकले आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांचं दुसरं पाकीट ठेवलं. दुपारच्या डब्यानंतर चोरून खायचे, दारू पितात तशी.

आणि ही सगळी अडाणी माणसं, माझं माहेर तेवढं शहाणं, असं कोणाला वाटत असेल तर थांबा. माझी आई शुभदा बँकेतून रिटायर झालेली बाई. घरात दोन पेपर येतात, शब्दकोडं पेनाने सोडवते. तिने मला गर्भसंस्काराचा ऑनलाइन क्लास लावून दिला आणि काश्मीरला गेलेल्या मैत्रिणीकडून केशर मागवलं. आमच्या शिकलेल्या माणसांना 'गोरी' म्हणायची लाज वाटते म्हणून ती 'कांती' म्हणतात. फरक एवढाच.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण सासरे म्हणाले, माझ्या बंगल्यातलं पहिलं नातवंड माझ्याच बंगल्यात येणार. आईनेही लगेच मान डोलावली. "तुझ्या तिथे एसी आहे, लिफ्ट आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तू टाके घेऊन चढणार कशी?" खरं होतं. खोटं एवढंच की तिला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि ते तिच्या आवाजात ऐकू येत होतं.

मुलगी झाली. घोडबंदर रोडवरच्या हॉस्पिटलात, सरळ बाळंतपण, टाके पडले. नर्सने तिला पुसून माझ्या छातीवर ठेवलं. काळीसावळी, केसाळ, कपाळावर आठी. हुबेहूब गोदा. मला हसू आलं. इतक्या केशराच्या दुधावर मात करून ही बाई जशी यायची तशीच आली होती.

घरचे भेटायला आले. रुपालीताईने दुपटं बाजूला करून बघितलं आणि परत घातलं, बाजारात मासळी बघून ठेवून देतात तसं. "जन्मतः सगळी अशीच असतात," ती म्हणाली. सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं. "तुज्यावर गेली."  चोरी पकडली गेल्यासारखी सासू भिंतीजवळ उभी होती.

हॉस्पिटलातून निघताना लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्यांनी मला आणि हितेशला समोर बसवून सांगितलं, "आईचं रक्त ओ, बाळाचं बी. अशा बाळांना कावीळ लवकर चढते. परवा सकाळी घेऊन या, रक्त तपासायचंच आहे. त्याआधी दूध ओढेना, नुसतं झोपूनच राहिलं, पिवळं दिसलं, तर परवाची वाट बघू नका. आणि अंगाला काही लावू नका."

"हो मॅडम, डोन्ट वरी," हितेश म्हणाला. त्याच्या कानाला फोन होता. दुसऱ्या बाजूला डेकोरेशनवाला विचारत होता, फुगे गुलाबी की सोनेरी.

बंगल्यात पाऊल टाकल्यापासून मी सोयरातली. वरच्या मजल्यावरची खोली, पडदे लावलेले, खिडकी बंद, वारा लागेल म्हणून. उजेडाला रुपालीताईने लावलेल्या पिवळ्या दिव्यांच्या माळा. त्या खोलीत पांढरा कागदसुद्धा पिवळा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई आली, बाळबाळंतिणीच्या आंघोळीला गावात हिलाच बोलावतात. तिच्यासोबत स्टीलची वाटी. हळद, बेसन, दुधाची साय.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी काही लावू नका सांगितलंय."

सगुणाबाई पाटावर बसून पाय पसरत म्हणाली, "डॉक्टरनी किती पोरा धुतली?"

सासू म्हणाली, "अगं, हलद हाय ती. काय ॲसिड हाय?"

आणि त्यांनी माझ्या पोरीला घासलं. मी बाजूला टाके सांभाळत बसले होते. सगुणाबाईने गाल चोळले, कपाळ चोळलं, मांड्या, पोट, पाठ. रंग काढायचा म्हणजे कष्ट पडतातच. मग डोळ्यांत काजळ ओढलं, गालावर तीट लावली आणि पोर कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती थोडं रडली. मला अजून आठवतं, थोडंच रडली.

त्यानंतर चमत्कार झाला. पोरीचा रंग उजळायला लागला.

आधी चेहरा. मग छाती. काळ्यासावळ्या अंगावर आतून दिवा लावल्यासारखी पिवळसर झाक यायला लागली. सासू दर तासाला वर बघायला यायची. तिने सासऱ्यांना बोलावलं. सासरे दारातूनच बघून म्हणाले, "आयला, खरंच. सोन्यासारी झायली पोर." हितेशने फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता श्रेय कोणाचं यावर भांडण. सगुणाबाई म्हणाली हळद. सासू म्हणाली केशर. रुपालीताईने सांगितलं की ते पोस्टर तिने आणलं होतं हे विसरू नका. माझ्या आईला फोटो पाठवला तर तिने बदामाचा इमोजी पाठवला आणि खाली लिहिलं, "काय सुंदर कांती आलीय गं."

मी म्हटलं, "आई, ती दूध पीत नाहीये."

"पहिल्यांदा तसंच असतं."

"तोंड लावते आणि झोपते. उठवलं तरी उठत नाही."

"शांत बाळ आहे. तुझ्यासारखी रडकी नाही म्हणून आनंद मान."

माझी छाती दगडासारखी झाली होती, गाऊन पुढून भिजलेला, आणि पोर दोनदा ओठ हलवून मान टाकायची. मी तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या. कान चोळला. ती कण्हून परत झोपली. लंगोट बदलताना बघितलं तर जेमतेम ओला, आणि डाग गडद पिवळा. सासूला दाखवला. ती म्हणाली, "हलदीचा हाय." या घरात आता सगळ्याचं उत्तर हळद होतं. पोर पिवळी, हळद. लंगोट पिवळा, हळद. झोपते का, तर मालिश चांगली झाली. रडत नाही का, तर गुणाची हाय. मीही स्वतःला सांगितलं, असेल हळदच. ज्या घरात चार माणसं एकच गोष्ट बोलतात तिथे पाचव्याच्या डोळ्यांना मोतीबिंदू व्हायला वेळ लागत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली सकाळ आली. मी कपडे घालून खाली उतरले, पोर कुशीत. हॉलमध्ये सासरे मंडपवाल्याला बांबू कुठे ठोकायचे ते दाखवत होते.

"कुठं निंगालीस?"

"हॉस्पिटलात. बोलावलंय आज."

"उद्या पाचवी हाय. पाचवी पूजल्याबिगर पोर उंबऱ्याभायेर जात नाय. आमच्यात नाय जात."

मी हितेशकडे बघितलं. तो म्हणाला, "परवा जाऊ ना यार. दोन दिवसांनी काय होतंय? डॉक्टर लोकांचं कामच आहे घाबरवायचं."

"तिने सांगितलेलं, रक्त तपासायचंय."

"अगं बघ ना तिच्याकडे. पहिल्यापेक्षा चांगली दिसतेय."

दिसत होती. हाच तर घोळ होता. आजारी माणूस काळवंडतो, निस्तेज होतो, हे सगळ्यांना ठाऊक. आजाराने पोर यांना हवी तशी दिसायला लागली तर कोण कशाला डॉक्टरकडे नेईल? मी वर गेले. टाके ओढत होते, लिफ्टमध्ये मंडपवाल्यांचं सामान होतं म्हणून दोन जिने उतरून परत चढले होते, आणि माझ्यात भांडायची ताकद नव्हती. एवढंच खरं कारण.

पाचवीचा दिवस म्हणजे काय विचारता. आमच्याकडे पाचवीला सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात. तिच्या स्वागताला मटण शिजतं, बाटल्या फुटतात आणि बँजोवाले येतात. देवी इतक्या गोंगाटात लिहिते कशी, आणि शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर तक्रार कुठे करायची, हे कोणी विचारत नाही. सकाळपासून बंगल्यासमोरचा रस्ता मंडपाने अडवला होता. गेटमध्ये केटररचा टेम्पो. फ्लेक्सवर माझ्या पोरीचा फोटो, रंग आणखी दोन घरं वर नेलेला, आणि तिच्याभोवती गॉगल घातलेल्या अकरा शुभेच्छुकांचे चेहरे. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते.

दुपारी रुपालीताई फोटोग्राफर घेऊन वर आली. सुशांत नाव, खोपटला स्टुडिओ. तिला परीचं फोटोशूट हवं होतं. पांढरीशुभ्र चादर, पिसांचे पंख, डोक्याला पांढरी पट्टी. सुशांतने पिवळ्या माळा बंद करायला लावल्या, पडदे सारले, आपले मोठे दिवे लावले. घरी आल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत स्वच्छ उजेड पडला.

तो फोटो काढायचा, कॅमेऱ्यात बघायचा, बटणं फिरवायचा, परत काढायचा.

"काय झालं रे?" रुपालीताईने विचारलं.

"ताई, चादर पांढरी घेतली तर बेबी पिवळी येते. बेबी नीट केली तर चादर निळी पडते."

"हळद लावलीय तिला सकाळी."

"हां, मग तेच. ती धुवून काढता का जरा? नाहीतर मी एडिटिंगला उतरवतो."

मी पोरीला उचललं आणि बाथरूममध्ये घेऊन गेले. कोमट पाणी, मऊ फडकं. पहिल्या पाण्याला हळद आली, बेसनाचे कण आले. दुसऱ्या पाण्याला थोडं पिवळं आलं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ वाहिलं. मी परत पुसलं. पाणी पाण्यासारखं होतं आणि पोर हळदीसारखी. मी तिचा तळवा अंगठ्याने दाबून सोडला. जिथे पांढुरकं दिसायला हवं तिथे पिवळं होतं. काजळ पुसून पापणी वर केली. बुबुळाच्या बाजूचं पांढरं लिंबाच्या सालीसारखं. इतकं धुतलं, उलटंसुलटं केलं, डोळा उघडला, तरी ती रडली नाही. ओल्या फडक्यासारखी माझ्या हातावर पडून होती.

मी टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आले. रुपालीताई म्हणाली, "निघाली?"

"नाही निघत. कावीळ आहे."

"काहीतरी काय बोलतेस, शुभ दिवस आहे."

मी खाली गेले. हॉल बायकांनी भरलेला. हितेश मित्रांना घेऊन मागच्या अंगणात होता, त्याला बोलावून घेतलं. "गाडी काढ."

त्याने माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. "गाडी कशी निघणार? मागे टेम्पो आहे. टेम्पोमागे मंडप."

"टेम्पो काढ."

"अगं त्यात भांडी आहेत सगळी. ड्रायव्हर जेवायला बसलाय."

हा माझा नवरा. दाराशी मंडपाइतकी लांब गाडी, आणि पोरीला न्यायची वेळ आली तर मध्ये रश्श्याचा टोप. सासरे आले. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. "सगला गाव जेवाला आलाय, आन जिची पाचवी तीच नाय?"

"जेवू द्या, बाबा. जेवायला ती कुठे लागतेय."

कोणीतरी बाई मागून म्हणाली, फार शिकलेल्या सुना केल्या की असंच. मी वळून बघितलंही नाही. चपला सापडेनात, तिथे शंभर जोड पडले होते, त्यांतल्या कोणाच्या तरी घातल्या. मंडपातून, ताटांमधून, बँजोवाल्यांच्या मधून चालत गेले. प्रत्येक पावलाला टाके सांगत होते की आम्ही इथे आहोत. नाक्यावर रिक्षा मिळाली. मी बसले आणि रिक्षावाला निघणार तोच दुसऱ्या बाजूने कोणीतरी आत शिरलं.

गोदा. पाचवीची जरीची साडी, गळ्यात सगळं सोनं, अनवाणी.

"चल रं," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

  वाटेत तिने एकदा टॉवेल बाजूला करून पोरीचा पाय हातात घेतला आणि मी दाबला होता तसा अंगठ्याने दाबून बघितला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाथरूमच्या दारातून बघत असणार. तिने पाय परत झाकला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला टेबलावर घेतलं, छातीच्या मधोमध दाबलं, पाय बघितले. "काल का नाही आणलं?" मी सांगितलं, पाचवी व्हायची होती. त्यांनी पोरीच्या काखेतून बोट फिरवलं, तिथे घडीत थोडं पिवळं राहिलं होतं. "आणि हळद कोणी लावली?"

सासूने दोन्ही हात पदराखाली घेतले. तळवे अजून पिवळे होते.

रक्ताचा रिपोर्ट लगेच आला. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ही कावीळ वाढली की मेंदूत जाते. मग ती उतरवता येते, पण मेंदूचं जे गेलं ते परत येत नाही. आत्ता दिव्याखाली ठेवते. संध्याकाळपर्यंत खाली आली नाही तर रक्त बदलावं लागेल. तुम्ही दूध काढून द्या, नळीने घालू."

त्यांनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं. वरून निळा उजेड, खालून निळा उजेड, डोळ्यांवर काळी पट्टी. मी बाहेरच्या खोलीत बसून वाटीत दूध काढलं. आधी ती पीत नव्हती तेव्हा घरातले सगळे सांगत होते, दूध जास्त हाय, पोट भरतं तिचं.

सासू बाकड्यावर माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "सोन्यासारी दिसत व्हती."

तेव्हासुद्धा. पोर पेटीत, नाकात नळी, आणि हिच्या डोळ्यांसमोर रंग.

मी म्हटलं, "आई, मेलेली माणसंपण पिवळी दिसतात."

 ती काचेकडे बघतच म्हणाली, "मना लग्नात तीनदा हलद लावली. सासू बोलली, रंग चरत नाय तवर घासा."

"चढला?"

"नाय. कातडी निंगाली."

मला दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. नाही आली. माझ्या डोक्यात एवढंच आलं की जिची कातडी सोलली तिनेच पुढच्या पोरीसाठी वाटी भरली. छळ झालेल्या माणसाला छळाची लाज वाटायला लागेल ही पुस्तकातली गोष्ट. आमच्याकडे त्याला रीत म्हणतात.

जेवणं आटोपल्यावर बाकीचे आले. हितेशच्या शर्टाला मटणाचा वास. तो काचेसमोर उभा राहिला आणि रडायला लागला. "मला वाटलं हळद आहे."

"डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलेलं."

"मी डेकोरेशनवाल्याशी बोलत होतो ना."

"मग त्यालाच विचार आता काय करायचं."

रुपालीताईने काचेतून फोटो काढला. "डोळ्यांवर पट्टी बघ ना, गॉगल घातल्यासारखी दिसतेय. क्यूट." सासऱ्यांनी विचारलं की या निळ्या दिव्याने पोर आणखी काळी तर नाही ना होणार. नर्सने त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःहून कॅन्टीनला गेले. यांच्यावर मी चिडायची थांबले होते. डबक्यावर कोण चिडतं? कडेने जायचं असतं.

संध्याकाळचं रक्त घेतलं. कावीळ उतरायला लागली होती. फार नाही, पण रक्त बदलायची गरज नाही एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडक्यात वाचली. पुढे कानांची तपासणी करू, महिन्याने परत बघू. पण मला वाटतं वाचली."

दुसऱ्या दिवशी तिला पाजायला माझ्याकडे दिलं. मी सवयीने तळव्याला टिचकी मारणार तेवढ्यात तिने तोंड मारलं. असं ओढलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखल्याने. दूध यायला जरा उशीर झाला तर सोडून किंचाळली. वॉर्डातली बाकीची पोरं उठली. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, "केवढा आवाज हो." मी म्हटलं, "हो ना."

तिची कावीळ खालून वर उतरत गेली. आधी पाय आपल्या रंगाचे झाले, मग पोट, मग छाती. शेवटी चेहरा. रोज तिच्यातून ते सोनं उतरत होतं आणि माझी पोर वर येत होती, काळीसावळी, केसाळ, कपाळावर आठी. माझी आई भेटायला आली ती तेव्हा. डोंबिवलीहून डबा घेऊन, मेथीचे लाडू घेऊन. पोरीला मांडीवर घेतलं, पापी घेतली आणि मग जरा मान वाकडी करून म्हणाली, "थोडी उतरली नाही गं कांती?"

मी डबा झाकला आणि तिच्या पिशवीत ठेवला. "आई, रिक्षा संध्याकाळी मिळत नाहीत. निघ तू."

घरी आलो तेव्हा मंडप गेला होता. फ्लेक्स तसाच होता, उन्हाने त्यावरचे शुभेच्छुक फिके पडले होते. दारात शेजारच्या दोघीतिघी, सगुणाबाई, आणि सासरे. सासऱ्यांनी दुपटं बाजूला केलं.

"च्यायला. परत काली झायली?"

मी म्हटलं, "बरी झाली."

"ते झालंच. पन रंग गेला तो गेलाच."

"हो. गेला. परत येताना दिसला तर मला सांगा, मी रिक्षा करून नेईन. तुमचा मंडप असू दे नाहीतर तुमचं तेरावं."

बायका चरकल्या.  सासऱ्याला असं बोलू नये हे मला शिकवलेलं आहे, चांगल्या घरातली आहे मी. हितेश माझ्यामागे बॅग धरून उभा होता आणि बॅगेच्या चेनकडे बघत होता. त्याला त्यात फार रस होता.

वर जाऊन मी पडदे काढले, दिव्यांच्या माळा काढल्या. पोस्टर नखाने खरवडून काढलं. चिकटपट्टीसोबत भिंतीचा रंगही निघाला, निघू दे. सगुणाबाई वाटी घेऊन वर आली तर मी तिला म्हटलं, आंघोळ तूच घाल, हात चांगला आहे तुझा, पण वाटीतलं काही लावलंस तर उद्यापासून येऊ नको. ती कुरकुरत, पण नुसत्या पाण्याने आंघोळ घालून गेली. पोर सबंध वेळ कोकलत होती.

ती गेल्यावर सासू आली. तिच्या हातात छोटी वाटी. दारातच थांबली.

"हलद नाय त्यात," ती म्हणाली. "नुसती साय हाय. थोडी गालाला लावू?"

मी पोरीला पाजत होते. इतका सगळा घोळ झाला, काचेची पेटी झाली, नळी झाली, आणि ही बाई सायीवर आली होती. तिच्या हिशोबाने हीसुद्धा माघारच असावी.

"नाही," मी म्हटलं.

"थोडी. त्याना काय व्हतं?"

"आई, नाही."

ती तशीच उभी राहिली. नातीकडे बघत होती. नात कपाळाला आठी घालून, मचमच आवाज करत ओढत होती, मध्येच श्वासाला थांबून परत तुटून पडत होती. आठी सासूचीच होती, जशीच्या तशी.

"वाया जाल ना गो," सासू म्हणाली.

"मग खा."

तिला वाटलं मी टोमणा मारला. टोमणाच होता. पण ती खाली पाटावर बसली, बोटाने साय घेतली आणि खाल्ली. मग खाली जाऊन साखर घेऊन आली, परत तिथेच बसली आणि सगळी वाटी चाटूनपुसून संपवली. सायीचा पांढरा ठिपका तिच्या काळ्या हनुवटीवर राहिला होता. मी सांगितलं नाही. पोरीने दुसरी बाजू मागितली.